पार्श्वभूमी: पीसीएमएचची 'लेव्हल थ्री' आली कुठून आणि गेली कुठे

पीसीएमएच, म्हणजे 'पेशंट-सेंटर्ड मेडिकल होम' (रुग्णकेंद्री मेडिकल होम), ही अमेरिकेतल्या दवाखान्यांना मिळणारी एक मान्यता. तिच्या फाइलींवर नव्यानं काम करायला लागलेली मुलं हमखास एक प्रश्न विचारतात. विमा कंपनीच्या जुन्या करारात 'लेव्हल थ्री', म्हणजे तीनपैकी सगळ्यात वरची पातळी, लिहिलेलं असतं, दवाखान्याच्या भिंतीवरच्या प्रमाणपत्रावर तेच असतं, पण निकषांच्या पुस्तकात ती लेव्हल काही सापडत नाही. मग ती मिळवायची कशी? मिळत नाही. 2017 साली ती बंद झाली. पण आजचे निकष असे का आहेत हे समजून घ्यायचं तर त्या तीन पातळ्यांकडेच जावं लागतं.

'मेडिकल होम' हा शब्द मात्र बराच जुना, 1967 चा. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं तो काढला. दीर्घ आजाराच्या मुलांच्या नोंदी चार ठिकाणी विखुरलेल्या असत, त्या एका जागी असाव्यात, एवढंच म्हणणं होतं. म्हणजे हे 'घर' मुलाचं नव्हे, त्याच्या कागदांचं होतं. उपचार सहज मिळावेत, त्यात सातत्य असावं, कुटुंबाला विचारात घ्यावं, कुणीतरी सगळ्याचा मेळ घालावा, हा आजचा अर्थ हवाईतल्या बालरोगतज्ज्ञांच्या कामातून हळूहळू आला आणि 1992 च्या धोरणपत्रात पक्का झाला.

या शब्दानं घोळही घातला. आपल्याकडे नर्सिंग होम म्हणजे कोपऱ्यावरचं दहा-पंधरा खाटांचं खासगी हॉस्पिटल, 1949 च्या नोंदणी कायद्यात बसणारं. तिकडे नर्सिंग होम म्हणजे म्हातारपणी, घरी सांभाळणं अशक्य झाल्यावर जायची जागा. एका दवाखान्यानं आपल्या रुग्णांना 'तुमच्या मेडिकल होममध्ये स्वागत' असं पत्र पाठवलं, तेव्हा दोन आज्यांनी घाबरून फोन केला होता: आम्हाला कुठे हलवताय? शब्द ठरवणाऱ्यांनी तो कधी पेशंटसमोर मोठ्यानं म्हणून पाहिला नसावा.

2007 च्या मार्चमध्ये डॉक्टरांच्या चार मोठ्या संघटनांनी मेडिकल होमची सात तत्त्वं जाहीर केली: प्रत्येकाला आपला डॉक्टर, डॉक्टरच्या हाताखाली चालणारा चमू, संपूर्ण माणसाचा विचार, समन्वय, गुणवत्ता, सहज भेट, आणि शेवटी पैसे. सातवं शेवटी लिहिलं असलं तरी सगळी धडपड त्याच्यासाठीच होती, असं माझं मत. फॅमिली डॉक्टरला पैसे मिळत ते समोर बसलेल्या रुग्णाला तपासल्याचे. फोनवर अर्धा तास इन्सुलिन समजावलं, हॉस्पिटलमधून घरी गेलेल्या रुग्णाची चौकशी केली, तज्ज्ञाकडून न आलेला रिपोर्ट तीनदा मागवला, तर यातल्या कशाचाच दाम नव्हता. त्यासाठी दर रुग्णामागे दरमहा ठरावीक रक्कम द्या, अशी मागणी होती.

विमा कंपन्या म्हणाल्या, देऊ. पण कोणाला? मेडिकल होम आहोत असं उद्या प्रत्येकजण म्हणेल.

ज्यावर पुढे वाद झाला तो निर्णय इथे झाला. गुणवत्ता मोजणाऱ्या एका ना-नफा संस्थेकडे 2003 पासून दवाखान्यांची एक तपासयादी होती. नोंदवही आहे का, संगणकावर औषधं लिहिता का, ठरावीक आजाराच्या रुग्णांची यादी काढता येते का, अशा थाटाची. कोरी पाटी घेऊन 'रुग्णकेंद्री म्हणजे काय' याची नवी मोजपट्टी करायला कुणाकडे वेळ नव्हता. तीच यादी नव्या नावाखाली बसवली गेली आणि 2008 मध्ये पहिले पीसीएमएच निकष आले. नऊ मानकं, तीस घटक, त्यातले दहा अनिवार्य. शंभरातले 25 गुण मिळाले की पहिली पातळी, 50 ला दुसरी, 75 ला तिसरी. पहिल्या पातळीला दहापैकी पाचच अनिवार्य घटक पुरत.

बाजू घेणारे म्हणत, पातळ्या नसत्या तर दोन डॉक्टरांचा छोटा दवाखाना दारातच अडकला असता. पहिली पायरी खाली ठेवली म्हणून तो आत तरी आला. हे खरं आहे. पण विमा कंपन्यांनी दरमहाची रक्कम पातळीला जोडली, आणि चित्र पालटलं. दवाखान्यात प्रश्न राहिला तो एकच, अजून किती गुण हवेत?

हे जवळून पाहायचं असेल तर त्या वेळची एखादी फाइल उघडावी. रेफरलचा, म्हणजे रुग्णाला तज्ज्ञाकडे पाठवण्याचा, घटक असेल तर एक लेखी पद्धत लागे, तिच्यावर तारीख लागे, आणि अर्ज करण्याआधी किमान तीन महिने ती अमलात असावी लागे. मी हात घातलेल्या पहिल्याच फाइलीत पद्धत उत्तम लिहिली होती, फक्त तारीख नव्हती. त्या दवाखान्यातली मेडिकल असिस्टंट गेली कित्येक वर्षं हृदयरोगतज्ज्ञाकडे पाठवलेल्या प्रत्येक रुग्णाचं नाव वहीत लिहून, रिपोर्ट आला की लाल पेननं खोडत होती. काम चोख होतं, पण पुरावा शून्य. उलट दुसऱ्या एका ठिकाणी संगणकात रेफरलचा सुंदर तक्ता होता, स्क्रीनशॉट काढला, रुग्णाचं नाव काळं केलं, जोडला. तो तक्ता रोज कोण पाहतं, याचं उत्तर तिथे कुणाकडेच नव्हतं. गुण त्यांना मिळाले.

2011 च्या निकषांत दुरुस्ती झाली. मानकं सहा, अनिवार्य घटक सहा, आणि ते तिन्ही पातळ्यांना सक्तीचे. पातळ्यांच्या सीमाही 35, 60, 85 अशा वर सरकल्या. पण पातळ्या राहिल्याच. याच सुमाराला नर्स प्रॅक्टिशनर (जादा शिक्षण घेऊन स्वतः रुग्ण तपासणाऱ्या नर्स) चालवत असलेल्या दवाखान्यांनाही मान्यतेचं दार उघडलं, आणि 'डॉक्टरच्या हाताखालचा चमू' या जुन्या तत्त्वाला चिमटा बसला. त्यावरची भांडणं अजून पूर्ण विझलेली नाहीत. तो वेगळा लेख होईल.

मोठा धक्का बसला तो फेब्रुवारी 2014 मध्ये. पेन्सिल्वेनियाच्या आग्नेय भागात 2008 पासून 32 दवाखान्यांवर तीन वर्षं मेडिकल होमचा प्रयोग चालला होता. सगळ्यांनी मान्यता मिळवली. प्रत्येक डॉक्टरमागे सरासरी 92 हजार डॉलर बोनस गेला. अभ्यासकांनी इतर दवाखान्यांशी तुलना केली तेव्हा गुणवत्तेच्या अकरा मापांपैकी एकातच, मधुमेहींच्या मूत्रपिंड तपासणीत, फरक दिसला. हॉस्पिटलात भरती, इमर्जन्सीतल्या खेपा, खर्च, कशातच घट नाही. 'मेडिकल होम चालत नाही' असे मथळे दुसऱ्या दिवशी तयार होते.

मान्यतेच्या बाजूचे म्हणाले, ते 2008 चे जुने निकष होते, आता आम्ही पुढे आलो आहोत. हा बचाव मला अर्धाच पटतो. कारण दीडेक वर्षानं त्याच राज्याच्या ईशान्य भागातल्या प्रयोगाचा अहवाल आला, आणि तिथे भरती, इमर्जन्सी आणि तज्ज्ञांकडच्या भेटी कमी झालेल्या दिसल्या. तिथे सुरुवातीच्या काळात मान्यता मिळवण्यासाठी बोनस नव्हता. वाचलेल्या खर्चात दवाखान्याचा वाटा होता. दोन भागांत इतरही फरक होते, म्हणून यावरून सिद्धान्त मांडू नये. पण आग्नेयेत पैसे प्रमाणपत्रासाठी दिले, आणि प्रमाणपत्रं मिळाली, हे विसरू नये.

2014 चे निकष आले ते या गदारोळातच, सांगाडा जुनाच. 2015 च्या कायद्यानं मेडिकेअरच्या (मुख्यतः ज्येष्ठांसाठीच्या सरकारी विम्याच्या) डॉक्टरांचं मानधन नव्या गुणपद्धतीला बांधलं, आणि मान्यताप्राप्त मेडिकल होमना त्यातल्या 15 टक्के वजनाच्या सुधारणा-कामांच्या विभागात पूर्ण गुण देऊ केले. तिथे पातळी विचारली जात नव्हती. मान्यता आहे की नाही, एवढंच. तिसऱ्या पातळीचा भाव तिथेच उतरायला लागला.

2017 मध्ये संस्थेनं पातळ्या काढून टाकल्या. आता 40 मूळ निकष सगळ्यांना सारखे, आणि ऐच्छिक निकषांतून 25 गुण, तेही सहापैकी किमान पाच विषयांत. दर तीन वर्षांनी डोंगराएवढी फाइल पाठवण्याऐवजी दरवर्षी थोडा अहवाल. सुरुवातीच्या वर्षात परीक्षकाबरोबर ऑनलाइन बैठका, ज्यात स्क्रीन दाखवून बोलता येतं. लाल पेनवाल्या असिस्टंटला इथे थोडा तरी न्याय मिळाला असता, कारण वही कॅमेऱ्यासमोर धरता आली असती. छोट्या दवाखान्यांची तक्रार मात्र उलटी: पहिली पायरी गेली, आता एकदम चाळीस. आणि दरवर्षीचा अहवाल म्हणजे तीन वर्षांत दोनदा मिळणारी विश्रांती गेली.

बदलाच्या त्या काळात एक गंमत झाली. जुन्यांना नव्या पद्धतीत आणायचं कसं, हे ठरवायला पातळीच वापरली गेली. 2014 च्या निकषांवर तिसरी पातळी असलेले दवाखाने थेट वार्षिक अहवालावर गेले. त्याच निकषांवर पहिल्या-दुसऱ्या पातळीवर असलेल्यांना, आणि 2011 ची तिसरी असलेल्यांना, काही निकषांवर नुसतं लेखी हमीपत्र देऊन बाकीचे पुरावे जोडायला सांगितले. करारांतली 'लेव्हल थ्री' ही अक्षरं त्यानंतरही बरीच वर्षं तशीच राहिली. विमा कंपनीला पत्र लिहून ती वाक्यं बदलून घेण्याचं काम अजूनही अधूनमधून आमच्या टेबलावर येतं.