तेलविहिरीला किती झेपतं?

मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर, भर समुद्रात, बॉम्बे हायचं तेलक्षेत्र आहे. १९७४ मध्ये तिथं तेल लागलं आणि १९७६ पासून ते किनाऱ्यावर येऊ लागलं. हे तेल चुनखडकाच्या बारीक छिद्रांत भरलेलं आहे. वर वायूचा थर, खाली पाणी आणि मधे तेल. विहिरीचा चोक, म्हणजे प्रवाह आवळणारं तोंड, मोठा केला की तेल लगेच वाढतं. पण आज वाढलेलं तेल वर्षभराने मिळेल का, हे त्या वाढीवरून कळत नाही.

त्यासाठी विहिरीची चाचणी घेतात. चोकचं माप इंचाच्या चौसष्टाव्या भागात मोजतात. तीन-चार वेगवेगळ्या मापांवर विहीर वाहू देतात आणि टेस्ट सेपरेटरमध्ये तेल, वायू, पाणी वेगळं मोजतात. तारेवरून गेज सोडून तळाचा दाबही नोंदवतात. शेवटी विहीर बंद करून दाब कसा चढतो ते पाहतात, त्यावरून खडकातला सध्याचा दाब काढता येतो.

समजा खडकातला दाब १५० किलो प्रति चौरस सेंटिमीटर आहे. तळाचा दाब १२० वर आणल्यावर रोज ६०० बॅरल तेल येतं. सरळ त्रैराशिक मांडलं तर तळाचा दाब शून्यावर नेल्यास ३,००० बॅरल यायला हवं. तसं होत नाही. दाब उतरला की तेलात विरघळलेला वायू खडकातच सुटतो आणि तेलाची वाट अडवतो. १९६८ मध्ये व्होगेल या अभियंत्याने मांडलेल्या सूत्राने हाच आकडा सुमारे १,८३० येतो. तळाचा दाब ९० ठेवला, तर १,२०० ऐवजी साधारण १,०८०.

पण १,०८० ही फक्त विहिरीची ताकद झाली. ती रोज वापरावी का, हे वायू आणि पाणी ठरवतात. तेलापेक्षा जड असल्यामुळे पाणी खाली राहतं. घनतेतला फरक ०.३ धरला, तर १० मीटर उंचीचं अंतर जेमतेम ०.३ किलोचा दाब पेलतं. आपण तळाशी ओढतोय ३० ते ६० किलोने! यातला बराचसा दाब विहिरीलगतच्या काही मीटरांतच खर्च होतो आणि मधले घट्ट थरही आड येतात, म्हणून पाणी लगेच चढत नाही. जास्त ओढलं की मात्र ते शंकूसारखं वर येतं, आणि वरून वायूचा शंकू उतरतो. एकदा खडकात पाणी शिरलं की विहीर बंद ठेवूनही तेलाची वाट पूर्वीसारखी मोकळी होत नाही. आडवी विहीर हाच ताण लांबवर वाटून घेते.

इथं सर्वांत बोलका आकडा वायू-तेल प्रमाणाचा, म्हणजे दर बॅरल तेलामागे किती वायू येतो याचा. चोक आवळल्यावर ते खाली आलं, तर शंकू तयार होत होता. चोक त्याच मापावर ठेवावा. चोक कसाही ठेवला तरी ते महिनोन्‌महिने चढत असेल, तर साऱ्या क्षेत्राचाच दाब उतरला आहे. मग एका विहिरीवर उपाय करून भागत नाही, समुद्राचं पाणी गाळून, त्यातला ऑक्सिजन काढून खडकात भरावं लागतं. किती? वर आलेलं १ बॅरल तेल खाली, वायू विरघळलेला असताना, सुमारे १.३ बॅरल जागा व्यापत असेल, तर १,००० बॅरल तेल आणि ५०० बॅरल पाणी काढल्यावर सुमारे १,८०० बॅरल परत भरायला हवं.

चुका बहुधा मोजणीतच होतात. अनेक विहिरींत मिळून टेस्ट सेपरेटर एकच असतो, त्यामुळे एकेकीच्या वाट्याला महिन्यातून काही तास येतात. घट्ट चुनखडकात तेवढ्या वेळात प्रवाह स्थिरावत नाही आणि आकडा फुगलेला येतो. चाचणी चालू असताना कॉम्प्रेसर बंद पडला, तर वाहिनीतला दाब चढतो आणि चांगली विहीरही कमकुवत भासते. उत्पादनाच्या घसरणीचा आलेख काढतानाही चोक आणि गॅस लिफ्टच्या, म्हणजे तेल वर चढावं म्हणून विहिरीत सोडलेल्या वायूच्या, नोंदी शेजारी हव्यात. वर्षाला १० टक्के घट धरली तर १,००० बॅरलची विहीर पाच वर्षांनी ५९० वर येते; मधेच चोक मोठा केलेला असेल, तर घसरण लपते आणि हा हिशेब खोटा पडतो.