सर्व्हरचं चित्र म्हणजे एन्टरप्राइज आर्किटेक्चर नव्हे

एन्टरप्राइज, आयटी, सोल्युशन, टेक्निकल अशा आर्किटेक्चरांत फरक काय, हा नेहमीचा प्रश्न. त्यावर सर्व्हर, फायरवॉल, क्लाउडचे चौकोन काढायचे, बाण जोडायचे आणि वर ठळक अक्षरात 'एन्टरप्राइज आर्किटेक्चर' लिहायचं. हे आता पुरे झालं. ते चित्र आयटी आर्किटेक्चरचं असतं. म्हणजे डेटाबेस कुठला, बॅकअप कुठे, टॅली आणि ईआरपी (सगळ्या विभागांचं एकत्र सॉफ्टवेअर) जोडायचे कसे, लाईट गेली तर काय.

मग एन्टरप्राइज आर्किटेक्चर म्हणजे तेच, फक्त मोठ्या कंपनीचं? मुळीच नाही. आकाराचा इथे संबंधच नाही. धंद्यातलं काम, माहिती आणि अधिकार यांची मांडणी म्हणजे एन्टरप्राइज आर्किटेक्चर.

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतला एखादा टॉवेल कारखाना घ्या. कोरा माल रंगवायला बाहेर डाइंगवाल्याकडे जॉबवर्कला गेलाय. मालक विचारतो, "माल किती शिल्लक आहे?" गोदामवाला तो माल वजा करून आकडा सांगतो, कारण रॅकवर तो नाहीच. अकाउंट्सवाला धरून सांगतो, कारण जीएसटी कायद्याच्या कलम १४३ प्रमाणे चलनावर बाहेर गेलेला माल कारखान्याचाच राहतो. वर्षभरात तो परत आला किंवा तिथून विकला गेला म्हणजे झालं. त्यात गोदाम मोजतं किलोत, लूमवाले नगात आणि विक्रीवाले डझनात. खोटं कुणीच बोलत नाही, तरी आकडे जुळत नाहीत.

इथे आयटीवाल्याला बोलावलं की तो गोदामाची आणि अकाउंट्सची सिस्टिम एपीआयने (दोन सॉफ्टवेअरमधल्या दुव्याने) जोडून देतो. जोडणी उत्तम होते. पूर्वी महिनाअखेरीला होणारं भांडण आता रोज सकाळी होतं, एवढाच फरक.

एन्टरप्राइज आर्किटेक्चरचे प्रश्न निराळे. डाइंगला गेलेला माल विक्रीवाल्याला गिऱ्हाइकाला कबूल करता येईल का? नवा आयटम कोड कोण उघडणार? डझनाचे किलो करताना कुणाचं वजन प्रमाण मानायचं? यांची उत्तरं मालक, प्रॉडक्शन आणि विक्री एका टेबलाशी बसल्याशिवाय मिळत नाहीत, आणि बसले की आवाज चढतातच. चढू द्यावेत. सॉफ्टवेअरची ऑर्डर त्यानंतर.

या विषयाचा पाया घालणाऱ्यांपैकी एक जॉन झॅकमन यांनी १९८७ साली मांडलेल्या तक्त्यात काय, कसं आणि कुठे हे तीनच रकाने तपशिलाने भरलेले होते. कोण, कधी आणि का हे १९९२ च्या विस्तारात आले. आपले बरेच आर्किटेक्ट अजून पहिल्या तीन रकान्यांतच घुटमळतायत. 'कोण' विचारलं की कुणाचं तरी नाव घ्यावं लागतं, ते नको असतं.

टोगॅफचं (एन्टरप्राइज आर्किटेक्चरच्या एका प्रचलित पद्धतीचं) सर्टिफिकेट असेल तर उत्तमच, पण त्यातला प्रत्येक तक्ता भरून बाड बांधू नका. मला एक कागद पुरतो: काम कुठलं, माहिती पहिल्यांदा कुठे नोंदली जाते, ती बदलायचा अधिकार कुणाला. पन्नास माणसांच्या कारखान्यालाही तो लागतो.

राहिला सोल्युशन आर्किटेक्ट (एका प्रकल्पाचा आराखडा आखणारा) आणि टेक्निकल आर्किटेक्ट (त्यातलं तंत्रज्ञान ठरवणारा) यांतला फरक? निम्म्या ठिकाणी तो व्हिजिटिंग कार्डापुरताच असतो. त्यावर वाद घालत बसू नका.