मातीवर पळवायच्या छोट्या गाडीचं सस्पेन्शन : पैसे घालण्याआधी वाचा

ऑटोक्रॉसचा (आखलेल्या छोट्या ट्रॅकवर घड्याळाविरुद्ध गाडी पळवायच्या स्पर्धांचा) मोसम जवळ आला की गॅरेजमध्ये येणारे बरेच जण गाडीतून उतरता उतरताच विचारतात, "लोअरिंग स्प्रिंग (गाडी खाली बसवणाऱ्या आखूड स्प्रिंग) टाकून मिळतील का?" डांबरी ट्रॅकवर जाणार असाल तर जरूर टाकून देऊ. मातीवर जाणार असाल तर ते काम आम्ही घेत नाही. का घेत नाही आणि त्याच पैशात काय करून घ्यावं, हे या पत्रकात सांगितलं आहे.

उदाहरणाला स्विफ्ट घेतली आहे. पोलो, पुंटो, बलेनोवाल्यांनाही यातलं बहुतेक सगळं लागू पडतं, कारण मांडणी तीच : पुढे मॅकफर्सन स्ट्रट (शॉकअप आणि स्प्रिंग एकत्र असलेला खांब), मागे टॉर्शन बीम (दोन्ही चाकं जोडणारा, पिळला जाणारा आडवा दांडा) आणि ओढ पुढच्या चाकांची. जिप्सीचं गणित वेगळं. तिला स्प्रिंगऐवजी पाटे (लीफ स्प्रिंग) आहेत, त्यामुळे जिप्सीवाल्यांनी प्रत्यक्ष येऊन बोलावं.

गाडी खाली का घ्यायची नाही

2018 साली आलेल्या स्विफ्टचा ग्राउंड क्लिअरन्स 163 मिमी. 30 मिमीच्या लोअरिंग स्प्रिंग टाकल्या की उरले 133. इंजिनखालच्या तेलाच्या चेंबरला दगड लागेल ही भीती आहेच, पण खरं नुकसान चाकाच्या हालचालीचं होतं. चाकाला वर जायला मुळात जेमतेम सात-आठ सेंटीमीटर जागा असते, त्यातले तीन तुम्ही उभ्या गाडीतच खर्च केलेत. मग पहिल्याच खोल चराला शॉकअप बंप स्टॉपरवर (चाकाची वरची हालचाल अडवणाऱ्या रबरावर) आपटतो, आणि त्या क्षणी चाकाला स्प्रिंग नसल्यातच जमा. टायर उडतो, स्टिअरिंग हलकं लागतं, गाडी सरळ कडेच्या पट्टीबाहेर.

आणखी एक गोष्ट पटकन पटत नाही. स्ट्रटची गाडी जास्त खाली घेतली की लोअर आर्म उलट्या कोनात जातो. वजनाचा मध्य थोडा खाली येतो, पण ज्या बिंदूभोवती बॉडी झुकते तो त्याहून जास्त खाली जातो. त्यामुळे खाली घेतलेली गाडी वळणावर जास्त झुकू शकते.

परदेशी रॅलीक्रॉसचे व्हिडिओ बघून कॉइलओव्हर (उंची कमी-जास्त करता येणारा स्प्रिंग-शॉकअपचा सेट) मागवणाऱ्यांना एक सांगणं. 1967 साली इंग्लंडमध्ये लिडन हिलला हा खेळ सुरू झाला तेव्हापासून त्याचा ट्रॅक काही भाग डांबरी, काही मातीचा असा असतो. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी सगळी मातीच. खाली घट्ट मुरूम, वर सुटी खडी. सकाळच्या गाड्या खडी बाजूला लोटतात आणि दुपारपर्यंत प्रत्येक वळणाला चर पडतात. पाऊस झाला आणि ट्रॅक काळ्या मातीचा असला तर सस्पेन्शनचं बोलूच नका, चिखलाने चाकांचं वजनच बदलतं.

खर्च शॉकअपवर करा

मातीवर गाडी बसते की उडते हे शॉकअप ठरवतो. स्प्रिंग फक्त वजन पेलते. आम्ही साधारण मूळ उंची किंवा 10 ते 20 मिमी जास्त ठेवतो. त्याहून वर नेलं तर ड्राइव्ह शाफ्टचे जॉइंट तिरके चालून लवकर जातात, आणि चाकाला खाली यायलाही जागा उरत नाही. स्प्रिंग मूळपेक्षा थोडी कडक चालते, दगड नको.

शॉकअप दोन बाजूंनी काम करतो : चाक वर जाताना बंप, खाली येताना रिबाउंड. ॲडजस्टेबल सेट मिळाला की लोक रिबाउंड शेवटपर्यंत आवळतात, कारण पार्किंगमध्ये बोनेट दाबून बघितलं की गाडी "टाइट" वाटते. ट्रॅकवर मात्र चाक खाली यायच्या आत पुढचा खड्डा येतो. दर खड्ड्याला गाडी थोडी थोडी बसत जाते आणि चौथ्या-पाचव्याला स्टॉपरवर आदळते. ड्रायव्हरला वाटतं स्प्रिंग मऊ पडली, म्हणून तो आणखी कडक स्प्रिंग मागतो. रिबाउंड दोन क्लिक सोडलं असतं तर फुकटात काम झालं असतं.

शॉकअप ट्विन ट्यूब (दोन नळ्यांचा) की मोनोट्यूब (एका नळीचा)? वर्षाकाठी दोन-तीन इव्हेंट करणाऱ्याला चांगला गॅसचा ट्विन ट्यूब पुरतो. सलग रन मारणाऱ्यांच्या शॉकअपमध्ये तेल तापून फेसाळतं आणि शेवटच्या रनला दम राहत नाही. त्यांनी मोनोट्यूबकडे जावं. पुढच्या स्ट्रटसाठी उलटा बसणारा प्रकार मिळाला तर उत्तम, आडवा मार खाऊन तो सहजी वाकत नाही.

स्प्रिंग बरोबर आहे का, हे घरी तपासता येतं. शॉकअपचा रबरी बूट वर सरकवा, उघड्या रॉडला प्लास्टिकची छोटी केबल टाय आवळा आणि ती खाली सिलिंडरला टेकवून ठेवा. एक रन मारून या. टाय पार स्टॉपरपर्यंत गेली असेल तर शॉकअप तळाला लागतोय. निम्मा रॉड कोरा राहिला असेल तर स्प्रिंग जास्त कडक आहे, किंवा तुम्ही अजून गाडी पळवतच नाही आहात! (उलट्या स्ट्रटला हा उपाय चालत नाही.)

बाकीचं, थोडक्यात

पुढचा स्टॅबिलायझर बार (डावं-उजवं चाक जोडून गाडीचं झुकणं कमी करणारा दांडा) जाड करू नका. आतल्या चाकावरचं वजन जातं आणि ते नुसतं माती उडवत बसतं. तुमच्या क्लासच्या नियमात बसत असेल तर या बारला चाकाशी जोडणाऱ्या पुढच्या लिंक रॉड सोडून एक रन मारून बघा. गाडी वळत नसेल तर कडकपणा मागे वाढवायचा. आणि परतीच्या रस्त्याला लागण्याआधी लिंक पुन्हा लावा.

लोअर आर्मला पॉलियुरेथेनचे (कडक प्लास्टिकचे) बुश, म्हणजे सांध्यातले गट्टे, चालतात, थोडा आवाज सहन करावा लागेल. मागच्या बीमला मूळ रबरच ठेवा, तो बुश पिळला जाण्यासाठीच असतो. स्ट्रटच्या खालच्या दोन बोल्टवर आम्ही पांढऱ्या रंगाची रेघ मारून देतो. रेघ तुटलेली दिसली की कॅम्बर (चाकाचा उभा कल) सरकला, अलाइनमेंट पुन्हा करा.

टायर गुळगुळीत असतील तर मात्र यातलं काहीच करू नका, आधी टायर घ्या. मग चेंबर गार्ड, मग झिजलेले बुश आणि वरचं माउंटिंग, त्यानंतर शॉकअप.

कागदपत्रांचं

मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 नुसार नोंदणीतला तपशील कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळा होईल असा बदल करता येत नाही. स्पर्धेचा सेट लावलेली गाडी ट्रेलरवरून न्यावी, हे बरं. स्पर्धेत झालेलं नुकसान नेहमीच्या विमा पॉलिसीत बसत नाही. एफएमएससीआयच्या (देशातल्या मोटार स्पर्धांच्या संघटनेच्या) नियमांत आणि इव्हेंटच्या नियमपत्रकात तुमच्या क्लासला काय चालतं ते वाचून, त्याची प्रत घेऊन या. ती पाहिल्याशिवाय आम्ही पार्ट मागवत नाही.

पहिल्यांदा येताना गाडीत नेहमी असतं तेवढं सामान आणि स्टेपनी राहू द्या, उंची आम्ही ड्रायव्हरला सीटवर बसवून मोजतो. बॉडी हवी तर धुऊन आणा, चाकांच्या आतली बाजू मात्र धुऊ नका. शॉकअपच्या तेलावर बसलेली धूळ बघून सील कुठे गळतंय ते कळतं.