न वापरलेला बंपर नवा नसतो

जुन्या माउंटन बाइकच्या सुट्या भागांचा बाजार इंटरनेटवर जोरात चालतो. त्यात चांगला भाव मिळतो तो पाकीटबंद मालाला. १९९४-९५ सालच्या सस्पेन्शन फोर्कचे, म्हणजे पुढचं चाक धरून धक्के झेलणाऱ्या दुशाखी भागाचे, रबरासारखे बंपर, मूळ प्लॅस्टिकच्या पिशवीत, एकदाही न बसवलेले. जुनी सायकल दुरुस्त करून पुन्हा उभी करणारा माणूस ते आनंदाने घेतो, कारण न वापरलेली वस्तू नवीच असणार असं आपण धरून चालतो. पोलादी स्प्रिंगच्या बाबतीत हे बरंचसं खरंही आहे. या बंपरच्या बाबतीत मात्र ते साफ चुकीचं आहे, आणि ते का चुकीचं आहे हे सांगणारं रसायन मला फार आवडतं.

आधी थोडा इतिहास. १९८०च्या दशकात माउंटन बाइकला सस्पेन्शन जवळजवळ नव्हतंच, धक्के खायचे ते हातापायांनी. मोटोक्रॉस मोटारसायकलींवर काम केलेल्या पॉल टर्नर यांनी रॉकशॉक्स या कंपनीचा हवा आणि तेलावर चालणारा फोर्क आणला. १९९० साली कोलोरॅडोतल्या दुरांगोला पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा झाली, तोवर सस्पेन्शनकडे सगळ्यांचं लक्ष गेलं होतं. त्याच कोलोरॅडोत डग ब्रॅडबरी यांनी मॅनिटू फोर्कमध्ये वेगळी वाट धरली. हवा नको, तेलही नको. नळीत पॉलियुरेथेन या रबरासारख्या प्लॅस्टिकचे ठोकळे एकावर एक रचायचे, बस्स. हेच ते बंपर. बॉब गर्व्हिन यांच्या प्रोफ्लेक्स सायकलींनी तोच ठोकळा मागच्या चाकाच्या सस्पेन्शनलाही लावला. १९९५च्या सुमारास आलेल्या रॉकशॉक्सच्या जुडी या फोर्कमध्ये धक्का झेलायला बंपर आणि तो शमवायला तेलाचं नळकांडं, अशी जोडी होती.

बंपर एवढे आवडायचं कारण साधं. नुसती स्प्रिंग दाबली की जवळजवळ सगळी ऊर्जा परत देते, म्हणून तिच्यावर बसलेला माणूस उसळत राहतो. ती उसळी शमवायला वेगळा डँपर लागतो. पॉलियुरेथेन दाबलं की त्याचे लांब रेणू एकमेकांवर घासत सरकतात, काही ऊर्जेची उष्णता होते आणि परत मिळते ती कमी. म्हणजे एकच ठोकळा स्प्रिंगचं काम करतो आणि थोडंफार डँपरचंही. तेल गळण्याची भीती नाही, वजन कमी. चालवणारा जड असेल तर कडक बंपर घालायचे, हलका असेल तर मऊ. कडक थंडीत मात्र हे ठोकळे घट्ट होत आणि फोर्क हलेनासा होई. हा दोष तेव्हाही ठाऊक होता. दुसरा दोष दिसायला वर्षं जावी लागली.

आज असा फोर्क उघडला की बहुतेक वेळा आत दोनपैकी एक दृश्य असतं. एक तर काकवीसारखा चिकट लगदा, नाहीतर बोटाने दाबताच भुगा होणारे ठोकळे. हे झिजेचं काम नाही. पाकिटातल्या बंपरचंही हेच होतं, कारण त्याला खाणारी गोष्ट म्हणजे पाणी, आणि तेही हवेतल्या वाफेचं.

पॉलियुरेथेन म्हणजे एकाआड एक दोन प्रकारच्या तुकड्यांची लांबच लांब साखळी. कडक तुकडे शेजारच्या साखळ्यांतल्या कडक तुकड्यांना घट्ट धरून बसतात. मऊ तुकडे मोकळे, वेटोळे घालून असतात आणि ओढलं की सरळ होतात. लवचीकपणा येतो तो या मऊ तुकड्यांतून. ते बहुधा दोन जातींचे असतात: पॉलिएस्टर किंवा पॉलिईथर. पॉलिएस्टर जातीचा माल ताणाला आणि घासण्याला जास्त चिवट, तेला-ग्रीसला दाद न देणारा, म्हणून यंत्रांत तो आवडीने वापरला गेला. पण त्याच्या प्रत्येक मऊ तुकड्यात ठरावीक अंतरावर एस्टर बंध असतो. दहावीच्या पुस्तकातली साबणाची क्रिया आठवा. तेल हे एस्टरच, अल्कलीच्या मदतीने त्याचा बंध पाण्यात तुटतो आणि साबण व ग्लिसरॉल मिळतं. इथे अल्कली नसते, पण बंध तोच आणि पाणीही तेच. पाण्याचा एक रेणू एस्टर बंधापाशी येतो, साखळी तिथे तुटते, एका टोकाला अल्कोहोलचा गट उरतो आणि दुसऱ्या टोकाला आम्लाचा.

खरी गंमत या आम्लाच्या टोकात आहे. एस्टर तुटण्याच्या क्रियेला आम्ल वेग देतं. म्हणजे एक बंध तुटला की तयार झालेलं आम्ल शेजारचे बंध तोडायला मदत करतं, त्यातून आणखी आम्ल तयार होतं, आणि हे विरजणासारखं स्वतःच वाढत जातं. सुरुवातीची अनेक वर्षं काहीच झालेलं दिसत नाही. दहा हजार एकक वजनाची साखळी बरोबर मधोमध एकदा तुटली तर पाच-पाच हजारांचे दोन तुकडे होतात, तीन ठिकाणी सारखी तुटली तर अडीच-अडीच हजारांचे चार. पदार्थाची ताकद साखळ्या एकमेकींत किती गुंतल्या आहेत यावर असते, आणि ठरावीक लांबीच्या खाली त्या गुंतूच शकत नाहीत. त्या मर्यादेपर्यंत बंपर ठीकठाक वाटतो. ती ओलांडली की थोड्याच काळात लगदा.

त्यात हे बंपर म्हणजे अतिसूक्ष्म बुडबुड्यांचा फोम. बुडबुडे पाडायला कच्च्या मालात मुद्दाम पाणी घालतात. ते आयसोसायनेटशी, म्हणजे पॉलियुरेथेनच्या एका कच्च्या घटकाशी, क्रिया करून कार्बन डायऑक्साइड सोडतं आणि त्या वायूने फोम फुगतो. ज्या पाण्याने बंपर घडवला, तेच पुढे त्याला मोडतं.

हवेत पाणी किती, यावर सगळा हिशेब. २० अंश तापमान आणि ३० टक्के आर्द्रता असलेल्या कोरड्या खोलीत घनमीटरभर हवेत सुमारे ५ ग्रॅम वाफ असते. जुलैतल्या मुंबईत, २८ अंशांना आणि ८५ टक्क्यांना, तीच सुमारे २३ ग्रॅम. शिवाय तापमान दहा अंशांनी वाढलं की रासायनिक क्रियेचा वेग साधारण दुप्पट होतो, असा ढोबळ नियम आहे. पातळ पॉलिथिनची पिशवी वाफेला थोपवत नाही, फक्त सावकाश आत येऊ देते. वीस-तीस वर्षं तिला पुरेशी असतात.

हे आपल्याकडे पाहायला सायकल लागत नाही. कपाटात जपून ठेवलेले भारी बूट एखाद्या लग्नासाठी बाहेर काढावेत आणि चार पावलांत तळ सुटून यावा, हे कोकणात आणि मुंबईत कितीतरी घरांत घडलेलं आहे. तो तळ अनेकदा पॉलिएस्टर जातीच्या पॉलियुरेथेनचाच असतो. घराबाहेर पडताना पादत्राण तुटलं की अपशकुन मानून माघारी फिरणारी माणसं अजून आहेत. तो तळ सुटायचा मुहूर्त हवेतल्या वाफेने कधीच ठरवून ठेवलेला असतो, पुढच्या कामाशी त्याचा काडीचा संबंध नाही.

रबराला 'पुन्हा जिवंत' करणारे फवारेही तितकेच पोकळ. फवाऱ्याने पृष्ठभाग चकाकतो, पण तुटलेल्या साखळ्या जोडायला नवा रासायनिक बंध लागतो आणि तो फवाऱ्यात नसतो. १९७०-८०च्या दशकांतल्या अनेक ध्वनिफितींना हाच रोग झाला. चुंबकीय पूड धरून ठेवणारा पॉलियुरेथेनचा थर चिकट झाला. अभिलेखागारांत अशा फिती पन्नास-पंचावन्न अंशांवर काही तास तापवून कोरड्या करतात आणि लगेच त्यांची प्रत काढून घेतात, कारण तो गुण तात्पुरता असतो. ते वाचून बंपर ओव्हनमध्ये ठेवू नका. ज्याच्या साखळ्या तुटून लगदा झाला आहे, त्याला कोरडं करून काही मिळत नाही.

जुनी सायकल पुन्हा उभी करताना म्हणून पहिलं काम फोर्क उघडण्याचं. लगदा लाकडी काडीने खरवडा, म्हणजे नळीच्या आतल्या पृष्ठभागावर ओरखडे पडणार नाहीत. उरलेला लगदा आयसोप्रोपिल अल्कोहोलने आणि कापडाने पुसा. ज्योतीने जाळून साफ करायचं मनातही आणू नका. जळत्या पॉलियुरेथेनमधून कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सायनाइड निघतो. जुडीसारख्या फोर्कचे खालचे पाय मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचे असतात. मॅग्नेशियम अतिशय क्रियाशील, त्यात पोलादी स्क्रू आणि ओलावा असला की विद्युतघटच तयार होतो आणि खाल्लं जातं ते मॅग्नेशियम. स्क्रूभोवती पांढरी पूड दिसली तर खड्डा किती खोल गेला आहे ते नीट तपासा. अॅल्युमिनियमच्या सांगाड्याचे जोडही भिंगाखाली पाहा. पोलादाला ताण एका मर्यादेखाली ठेवला तर थकवा, म्हणजे वारंवारच्या ताणाने चीर पडणं, जवळपास येत नाही. अॅल्युमिनियमला तशी मर्यादा नाही, बारीक ताणांचीही बेरीज होत राहते.

नव्या बंपरसाठी जुन्याचा व्यास आणि लांबी मोजून पॉलिईथर जातीच्या पॉलियुरेथेनची कांडी कापून घेता येते. त्याला पाण्याचं भय फार कमी. त्याचे शत्रू प्राणवायू आणि प्रकाश, आणि फोर्कच्या बंद नळीत प्रकाश पोचतच नाही. पण भरीव कांडी फोमपेक्षा कडक असते आणि दाबली की बाजूला फुगते, म्हणून नळीत तिच्याभोवती जागा सोडावी लागते. मला स्वतःला मोजून वळवून घेतलेली पोलादी स्प्रिंग जास्त पटते, विशेषतः जुडीत, कारण तिथे उसळी शमवायला तेलाचं नळकांडं आधीच असतं. नुसत्या बंपरवर चालणाऱ्या जुन्या मॅनिटूत मात्र स्प्रिंग एकटी पडते आणि सायकल उसळू लागते. तिथे पॉलियुरेथेनच हवं, आणि ते कोणत्या जातीचं आहे हे विक्रेत्याला विचारूनच घ्यावं.