विधेयक मंजूर झालं म्हणजे शाळेत लागू झालं?

‘राज्याच्या विधिमंडळात विधेयक मंजूर, उद्यापासून सरकारी शाळांना बंधनकारक!’ अमेरिकेतल्या पालकांच्या ग्रुपवर हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतो. मुलांच्या काळजीपोटीच लोक तो पुढे पाठवतात, पण तसं सहसा होत नाही.

मंजुरीनंतर विधेयक गव्हर्नरकडे जातं. तिथे नकाराधिकारही वापरला जाऊ शकतो. सही झाली तरी अंमलाची तारीख वेगळीच: टेक्सासमध्ये साधारणपणे अधिवेशन संपल्यावर ९१वा दिवस, कॅलिफोर्नियात बहुधा पुढची १ जानेवारी. लगेच लागू करायचं तर दोन्ही राज्यांत सहसा दोन-तृतीयांश मतं लागतात.

मेसेजमधला विधेयक क्रमांक विधिमंडळाच्या संकेतस्थळावर टाकून बघा. ते कुठवर पोचलंय ते दिसतं. तारीख अनेकदा अगदी शेवटच्या कलमात असते. क्रमांकच नसेल, तर मी तो मेसेज पुढे पाठवत नाही.