झिओलाइट आणि क्लॅथरेट हायड्रेट: हायड्रोजन कोंडणारे दोन वेगळे पिंजरे

हायड्रोजन साठवण्याविषयीच्या लेखांत 'पिंजऱ्यासारखे स्फटिक' असा उल्लेख वारंवार येतो, पण त्यामागे दोन अगदी निराळे पदार्थ असतात. एक झिओलाइट आणि दुसरा क्लॅथरेट हायड्रेट. दोन्हींत ठरावीक आकाराच्या पोकळ्या ओळीने मांडलेल्या असतात, दोन्ही निसर्गात सापडतात आणि प्रयोगशाळेतही बनवता येतात. त्यामुळे एकाचे आकडे दुसऱ्याच्या नावावर सहज खपून जातात. हा गोंधळ टाळायचा असेल तर सर्वांत आधी एक प्रश्न विचारावा: आतला पाहुणा रेणू काढून घेतला, तर पिंजरा उभा राहतो का?

झिओलाइटचा राहतो. मध्ये सिलिकॉन किंवा ॲल्युमिनियमचा एक अणू आणि त्याच्याभोवती ऑक्सिजनचे चार अणू, असे चतुष्फलक कोपऱ्यांना जोडले जाऊन त्याचा सांगाडा तयार होतो. हे बंध इतके मजबूत असतात की आतले पाणी तापवून घालवले तरी, भाडेकरू निघून गेल्यावर चाळ उभी राहावी, तसा तो उभा राहतो. स्वीडनचे खनिजशास्त्रज्ञ ॲक्सेल क्रोनस्टेट यांनी १७५६ मध्ये या खनिजांना वेगळे नाव दिले, तेही तापवताच त्यांतून फसफसत निघणारी वाफ पाहून. महाराष्ट्रात जळगाव, नाशिक, पुणे या भागांतल्या काळ्या पाषाणाच्या खाणींमध्ये स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट, स्कोलेसाइट यांचे जे देखणे स्फटिक निघतात, ते सारे झिओलाइटच आहेत. त्यांच्या शेजारीच सापडणारा ॲपोफिलाइट मात्र झिओलाइट नव्हे. तो थरांची रचना असलेला सिलिकेट आहे.

हायड्रोजनच्या प्रयोगांना रचना अगदी एकसारखी लागते, म्हणून तेथे बहुधा कृत्रिम झिओलाइट वापरतात. सोडियम सिलिकेट आणि सोडियम ॲल्युमिनेट यांची द्रावणे एकत्र केली की पांढरी, घट्टसर जेल बनते. ती बंद भांड्यात १०० अंश सेल्सिअसच्या आसपास काही तास ठेवली की तळाशी झिओलाइट-एची भुकटी जमते. ती गाळून, धुऊन, निर्वातात तापवली की पोकळ्या मोकळ्या होतात. ॲल्युमिनियममुळे सांगाड्यावर ऋणभार येतो आणि तो भरून काढणारे धन आयन पोकळ्यांत, खिडक्यांपाशी बसतात. सोडियम असेल तर झिओलाइट-एची खिडकी सुमारे ४ अँगस्ट्रॉमची असते, त्याजागी पोटॅशियम घातले तर ती ३ वर येते आणि कॅल्शियम घातले तर ५ होते. हायड्रोजनच्या रेणूचा व्यास साधारण २.९ अँगस्ट्रॉम आहे, म्हणजे कोणता आयन घालायचा हा निर्णय येथे फार मोलाचा ठरतो.

झिओलाइटमध्ये हायड्रोजन दोन रीतींनी ठेवता येतो. पहिली रीत थंडीची. उणे १९६ अंशांना, द्रवरूप नायट्रोजनच्या थंडाव्यात, रेणू पोकळीच्या भिंतींना आणि आयनांना हलकेच चिकटतात. चांगल्या झिओलाइटमध्ये वजनाच्या सुमारे २ टक्के हायड्रोजन असा बसतो, पण खोलीच्या तापमानाला ही पकड जवळजवळ सुटते आणि आकडा अर्ध्या टक्क्याच्याही खाली जातो. दुसरी रीत कोंडण्याची. सोडालाइटसारख्या रचनेच्या खिडक्या इतक्या अरुंद असतात की एरवी हायड्रोजन आत शिरतच नाही. तापमान वाढवले की सांगाड्याची थरथर वाढते, दाबाखाली रेणू आत जातात आणि थंड केल्यावर तेथेच अडकतात. जर्मनीत वाइटकाम्प आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये हे ३०० अंश आणि १०० बार दाबाला करून दाखवले. कल्पना सुंदर आहे, पण सर्वोत्तम नमुन्यातही एका ग्रॅमला जेमतेम नऊ घनसेंटिमीटर वायू मावला. वजनात हे एक दशांश टक्क्याच्याही आत येते.

क्लॅथरेट हायड्रेटचा पिंजरा पाण्याच्या रेणूंचा असतो आणि तो पाहुण्याच्या सोबतीनेच घडतो. पाहुणा नसेल तर पाणी गोठून नेहमीचा बर्फ होतो. कृष्णा-गोदावरी खोऱ्यात समुद्रतळाखाली २००६ च्या मोहिमेत मिळालेला मिथेन हायड्रेट याच कुळातला आहे. हायड्रोजनचा रेणू मात्र इतका लहान की तो पिंजऱ्याला आधार देऊ शकेल, असे बराच काळ कोणाला वाटले नव्हते. २००२ मध्ये वेंडी माओ आणि सहकाऱ्यांनी सुमारे २०० मेगापास्कल दाब आणि उणे २४ अंश तापमानाला तो बनवून दाखवला. एवढा दाब म्हणजे वातावरणाच्या जवळपास दोन हजार पट.

या रचनेच्या एका एककात पाण्याचे १३६ रेणू, १६ लहान पिंजरे आणि ८ मोठे पिंजरे असतात. लहानात दोन आणि मोठ्यात चार हायड्रोजन मानले तर वजनाचे ५ टक्के भरतात आणि हाच आकडा सगळीकडे पसरला. क्ष-किरणांना एक इलेक्ट्रॉनचा हायड्रोजन नीट दिसत नाही, म्हणून पुढे हायड्रोजनच्या जागी ड्युटेरियम घालून न्यूट्रॉन विवर्तनाने मोजणी केली गेली. तेव्हा लहान पिंजऱ्यात एकच रेणू आढळला, मोठ्यात तापमान आणि दाबानुसार दोन ते चार. त्या हिशेबाने कमाल सुमारे ३.८ टक्केच येते.

दाब कमी करण्यासाठी टेट्राहायड्रोफ्युरान या द्रवाची मदत घेतात. त्याचे रेणू मोठे पिंजरे व्यापून रचना सावरून धरतात आणि सुमारे ६ अंशांना ३०० ऐवजी ५ मेगापास्कल दाब पुरतो. पण मोठी जागा त्यानेच अडवली, मग उरले १६ लहान पिंजरे, म्हणजे वजनाचा जेमतेम १ टक्का. २००५ मध्ये ४ टक्के मिळाल्याचा दावा झाला होता, पण नंतरच्या मोजण्यांत तो टिकला नाही. माझ्या मते या विषयातला सर्वांत शिकवणारा भाग हाच आहे, कारण दाब सोसण्याजोगा करण्याची किंमत थेट क्षमतेतून वसूल होते.

हायड्रोजन परत काढतानाही फरक दिसतो. झिओलाइट गरम केला की वायू निघतो आणि तोच पिंजरा पुन्हा भरता येतो. हायड्रेट मात्र वितळतो, त्याचे पाणी होते आणि पिंजरा पुन्हा पहिल्यापासून घडवावा लागतो. याला एक अपवाद आहे. २०१४ मध्ये फालेंटी, हान्सेन आणि कुह्स यांनी निऑनच्या हायड्रेटमधून अतिथंड निर्वातात निऑन काढून घेतला आणि रिकामा पिंजरा तसाच राहिला. पण तो फक्त उणे १२६ अंशांच्या खाली टिकतो.

या दोन्हींच्या मध्ये बसणारे एक खनिजही आहे. जपानमधल्या चिबा येथून २०११ मध्ये वर्णन झालेल्या चिबाइटची मांडणी हायड्रोजन हायड्रेटसारखीच आहे, पण पाण्याच्या १३६ रेणूंच्या जागी सिलिकाची १३६ एकके असल्याने पिंजरा सिलिकाचा आहे आणि आत मिथेनसारखे वायू अडकलेले आहेत. समजा प्रत्येक पिंजऱ्यात एकेकच हायड्रोजन बसला, तर पाण्याच्या सांगाड्यात तो वजनाच्या १.९ टक्के होईल आणि सिलिकाच्या सांगाड्यात फक्त ०.६ टक्के, कारण सिलिकाचे एकक पाण्याच्या रेणूपेक्षा तिप्पटीहून अधिक जड आहे.