रेझिस्टर एलईडीच्या कोणत्या पायाला?

रेझिस्टर म्हणजे करंटला आवर घालणारा भाग. ‘रेझिस्टर एलईडीच्या लांब (पॉझिटिव्ह) पायालाच लावा, नाहीतर करंट आधी एलईडीत शिरून तो जाळेल’ असं नवशिक्यांना वर्षानुवर्षं सांगितलं जातं. हे चूक आहे. सिरीज सर्किटमध्ये, म्हणजे भाग एकामागोमाग एक जोडलेले असताना, करंट सगळीकडे सारखाच असतो. ‘आधी-नंतर’ असं काही नसतं. अर्डुइनो ऊनो या मायक्रोकंट्रोलर बोर्डाच्या पिनवर ५ व्होल्ट, त्यातले साधारण २ लाल एलईडीवर, उरलेले ३ व्होल्ट २२० ओहमवर: करंट सुमारे १४ मिलिअँपिअर. रेझिस्टर ग्राउंडच्या बाजूला नेला तरी आकडा तोच. (एलईडीच उलटा लावलात तर पेटणार नाही, तो वेगळा मुद्दा.) खरा धोका रेझिस्टर गाळण्यात आहे. ऊनोवरच्या एटीमेगा३२८पी या चिपच्या एका पिनची कमाल मर्यादा ४० मिलिअँपिअर. ती ओलांडली तर एलईडी शाबूत राहूनही पिन कायमची निकामी होऊ शकते.